वटवाघळाची जन्मजात प्रतिकारशक्ती व रेबीज : एका प्रचलित विधानाची चिकित्सा

वटवाघूळ स्वतः आजारी न पडता विषाणू बाळगते, हे विधान २०२० नंतर मराठी वृत्तपत्रीय लेखनात रूढ झाले. करोनाच्या संदर्भात त्याला काही आधार आहे. रेबीजला मात्र ते जसेच्या तसे लावले जाते, आणि तेथे त्याचा पाया डळमळीत होतो.

या विधानामागे प्रामुख्याने तीन शोधनिबंध आहेत. ऑस्ट्रेलियातील काळ्या फलाहारी वटवाघळात अल्फा इंटरफेरॉन संसर्ग नसतानाही तयार होत असते, असे २०१६ मध्ये दाखविण्यात आले. २०१८ मध्ये स्टिंग या प्रथिनातील एक महत्त्वाचे अमिनो आम्ल वटवाघळांत बदललेले असून त्यामुळे इंटरफेरॉनचा प्रतिसाद मंदावतो, असे आढळले. २०१९ च्या निबंधाने दाह निर्माण करणारी यंत्रणाही सौम्य असल्याचे सांगितले. एक निष्कर्ष सज्जतेचा, उरलेले दोन संयमाचे. लोकप्रिय लेखनात या तिन्हींची सरमिसळ होऊन 'अभेद्य प्रतिकारशक्ती' असा शब्दप्रयोग येतो, तो या निबंधांतून निघत नाही.

शिवाय स्टिंगचा मार्ग पेशीद्रवातील डीएनए ओळखणारा आहे. रेबीजचा विषाणू आरएनएधारी. त्याची ओळख मुख्यतः रिग-आय या संवेदकाकडून होते. ही ओळख पटली तरी विषाणूचे पी प्रथिन इंटरफेरॉनची निर्मिती रोखते आणि इंटरफेरॉनचा संदेश पेशीकेंद्रकात नेणारी स्टॅट प्रथिने बाहेरच अडवून धरते. पुढे विषाणू चेतातंतूंतून मेंदूकडे सरकतो. प्रायोगिक संसर्गात काही वटवाघळे रेबीजने मरतात, तर काहींच्या रक्तात केवळ प्रतिपिंडे उरतात. म्हणजे लढाई मेंदूबाहेर जिंकली तरच प्राणी वाचतो. युरोपातील सेरोटीन वटवाघळाच्या कप्पा व ओमेगा इंटरफेरॉनवरील २०१४ चा अभ्यास म्हणूनच अधिक उपयुक्त ठरतो : तो प्रत्यक्ष लिसाविषाणूंवर केलेला आहे. मात्र त्याची चर्चा फारशी होत नाही.

प्रत्यक्ष रेबीज विषाणू वटवाघळांत टिकून राहतो तो अमेरिका खंडांत. अन्यत्र त्याचे भाऊबंद लिसाविषाणू आढळतात. श्रीलंकेत गन्नोरुवा विषाणू मिळाला तो भारतीय फलाहारी वटवाघळाच्या मेंदूतून. हीच जात महाराष्ट्रातही आहे. नागालँडमधील वटवाघळांत प्रतिपिंडे सापडल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सावधगिरीला एवढा आधार पुरेसा आहे, भीतीला नाही.

खानदेशात हा भेद केवळ पुस्तकी नाही. फलाहारी वटवाघूळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राणी म्हणून नोंदलेले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात घड कच्चाच उतरविला जातो, त्यामुळे तेथे नुकसानीचा मुद्दाही फारसा उरत नाही. अशा वेळी रेबीजच्या नावाने वडावरच्या वसाहती उठविल्या गेल्या, तर वैर नव्या कारणाने जुनेच चालू राहील. विस्कटलेल्या वसाहतीतून खाली पडलेले वटवाघूळ हाताळणे हाच उलट धोक्याचा प्रसंग. तसा चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लस घेणे, हा नियम येथेही लागू आहे.

भारतात माणसाला होणारा रेबीज बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यातून येतो. गोव्यात कुत्र्यांच्या सामूहिक लसीकरणानंतर २०१८ व २०१९ मध्ये रेबीजने एकही मानवी मृत्यू नोंदला गेला नाही. जळगाव-धुळ्याच्या वाचकासाठी लिहिणाऱ्याने वटवाघळाच्या इंटरफेरॉनइतकीच जागा या आकड्यालाही द्यावयास हवी.