उपासनेतील आनंद आणि ‘नीतिमत्त्व’ : टिळकांच्या भजनांच्या निमित्ताने

मराठी ख्रिस्ती काव्याचा विचार करताना समीक्षा बहुधा एकाच वाटेने जाते. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती आशय अभंगाच्या रूपबंधात आणला आणि उपासना देशी केली, एवढे सांगून ती थांबते. हे खरेच आहे. पण या उपासनेतला आनंद कोठून येतो, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही.

अडचण एका शब्दापासून सुरू होते. बायबलच्या मराठी भाषांतरांत रूढ झालेला ‘नीतिमत्त्व’ हा शब्द सदाचाराकडे, म्हणजे माणसाच्या कमाईकडे कलतो. मूळ हिब्रू ‘त्सेदाका’ हा मात्र नात्याचा शब्द आहे : त्यात करारावरची निष्ठा येते आणि दुर्बळाला मिळणारा न्यायही. पौलाच्या रोमकरांस पत्रात तर नीतिमत्त्व मिळवायचे नसून विश्वासाने स्वीकारायचे आहे. पहिल्या अर्थाने उपासकाचा आनंद हा निर्दोष माणसाचा आत्मसंतोष ठरतो. पौलाच्या अर्थाने तो सुटका झालेल्या अपराध्याचा. एकावन्नाव्या स्तोत्रात क्रम असाच आहे. आधी कबुली, मग शुद्ध हृदयाची आणि हरवलेल्या आनंदाची मागणी, त्यानंतर नीतिमत्त्वाचे गायन. तेही गाणाऱ्याच्या नव्हे, देवाच्या.

टिळकांना ‘पतित’ ही भूमिका संतपरंपरेतून तयारच मिळाली. करुणापर अभंगांतला पतित दाराशी तिष्ठत असतो (तुकोबांच्या साक्षात्कारोत्तर अभंगांतली तृप्ती वेगळी). टिळकांचा भक्त मात्र निर्णय क्रुसावर होऊन गेला आहे, या खात्रीने गातो. रूपबंध तोच राहून आनंदाचा काळ बदलतो. ‘देशीकरण’ या शब्दाने हा बदल झाकला जातो.

मात्र आमोसच्या पाचव्या अध्यायाची कसोटी या भजनांना पुरती पेलत नाही, असे मला वाटते. न्याय वाहत नसेल तर गीतांचा गोंगाट नको, असे तेथे देवच म्हणतो. अहमदनगर परिसरातील मंडळ्यांत बहुसंख्य उपासक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेले होते; त्यांचे सामूहिक दुःख भजनांतल्या एकवचनी आत्मनिवेदनात विरून जाते. १९१७ साली मिशनची चौकट सोडून ‘देवाचा दरबार’ भरवू पाहणारे, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात सामावणारे टिळक आपल्या भजनांच्या पुढे गेलेले दिसतात.

ही उणीव भरून निघते ती पद्यात नव्हे, लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये. बाप्तिस्म्याच्या आधीच, स्वतःच्या विचाराने, त्यांनी सोवळेओवळे टाकले. ते सांगताना त्यांचा सूर पश्चात्तापाचा नाही, उपदेशाचाही नाही. मोकळा, किंचित हसरा आहे. न्याय आणि आनंद येथे एकाच कृतीत येतात. त्या प्रसंगात ना चर्च आहे, ना भजन; म्हणूनच बहुधा तो उपासनेच्या चर्चेत येत नाही. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. दोन हातांतला हा फरक तेथे या अंगाने तपासण्याजोगा आहे.