परिचित भयाची संहिता : ‘कॅसलव्हेनिया’ आणि त्याचे चाहते

लोकप्रिय कलाप्रकारांवरील चाहत्यांच्या प्रेमाकडे समीक्षा सहसा दोन दृष्टींनी पाहते. एक तर त्या प्रेमाची गणना गतकाळाच्या ओढीत केली जाते, नाही तर बाजारपेठेने लावलेली सवय म्हणून ते निकालात काढले जाते. त्या प्रेमाचा कृतीच्या रचनेशी काही आंतरिक संबंध नसतो, हे दोन्ही भूमिकांचे समान गृहीतक आहे. कोनामी या जपानी कंपनीने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘कॅसलव्हेनिया’ हा व्हिडिओ गेम आणि त्याला लाभलेले चाहते हे गृहीतक तपासून पाहण्यास भाग पाडतात.

खेळाचे कथानक अगदी साधे आहे. सायमन बेलमाँट हा चाबूकधारी वीर ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरतो आणि प्रचंड वटवाघूळ, मेडुसा, ममी, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस व साक्षात मृत्यू यांना हरवून अखेर काउंटसमोर उभा राहतो. हे सारे भय दुसऱ्या हाताचे आहे. त्याचा स्रोत ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीपेक्षा तिच्यावर पोसलेल्या भयपटांत अधिक आहे. खेळाच्या शेवटी झळकणाऱ्या श्रेयनामावलीत निर्मात्यांची खरी नावे नाहीत. तेथे स्टोकर, बेला लुगोसी, बोरिस कार्लोफ, टेरेन्स फिशर यांच्या नावांची विडंबने आहेत. ही संहिता आपले उसनेपण लपवत नाही, लेखकाला मात्र लपवते.

मग यात गॉथिक ते काय उरते? त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार अद्भुताचा प्राण संभ्रमात असतो : घडले ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, हा निर्णय वाचकाला करता येत नाही. ‘कॅसलव्हेनिया’त असा संभ्रम मुळीच नाही, कारण राक्षस हाच तेथील निसर्गनियम आहे. मात्र संभ्रम नाहीसा झालेला नसून त्याने जागा बदलली आहे. चाबकाचा फटका बटण दाबल्यावर क्षणभराने बसतो. एकदा उडी घेतली की हवेत तिची दिशा बदलता येत नाही. शत्रूचा आघात होताच सायमन मागे फेकला जातो आणि मागे खड्डा असेल तर तो जीव तेथेच संपतो. नागमोडी तरंगत येणाऱ्या मेडुसाच्या मुंडक्यांसमोर खेळणारा थबकतो तो समोर काय आहे हे कळत नाही म्हणून नव्हे. आता उडी घ्यावी की नाही हे ठरवता येत नाही म्हणून. संभ्रम ज्ञानातून कृतीत उतरला आहे.

येथे भयानकाचे वीरात रूपांतर होते असे म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. वीराचा स्थायीभाव उत्साह. हा खेळ मात्र निव्वळ उत्साहाने जिंकता येत नाही. तो शेकडो मरणांच्या अभ्यासाने साध्य होतो. स्टोकरचा जोनाथन हार्कर किल्ल्यात कैदी असतो, तेथील बंद दारांमागचे त्याला फारसे कळत नाही. चाहत्याला मात्र प्रत्येक जिना, प्रत्येक मेणबत्ती, कोणत्या भिंतीत मांसाचा तुकडा दडला आहे ते हाताला पाठ असते. जेथे राहणे अशक्य अशा वास्तूत त्याने राहण्याचा परिपाठ घातलेला असतो. शेवटी किल्ला ढासळतो, पण यंत्र पुन्हा सुरू केले की तो उभाच असतो. चाहत्यांचे प्रेम जडते ते या पुनरावृत्तीवर.

यावर १९९७ च्या ‘सिम्फनी ऑफ द नाइट’चा आक्षेप घेता येईल. त्यातील नायक अलुकार्ड हवेत सहज वळतो, वाटा मोकळ्या आहेत, आणि तरीही चाहत्यांनी तो डोक्यावर घेतला. परंतु तेथेही आनंद किल्ला जाणून घेण्याचाच आहे. फक्त हाताच्या स्मृतीची जागा नकाशाने घेतली. शिवाय अर्ध्या वाटेवर तोच किल्ला उलटा होऊन समोर येतो : छताची जमीन होते आणि पाठ झालेल्या दालनांत खेळणारा पुन्हा परका ठरतो. परिचयाला धक्का देण्याइतके भान या संहितेला होते.

या प्रेमाची खरी कसोटी २०१५ मध्ये लागली. कोनामीतून बाहेर पडलेल्या कोजी इगाराशी यांनी ‘ब्लडस्टेन्ड’साठी लोकांकडे निधी मागितला, तेव्हा त्यांच्यापाशी ना ड्रॅक्युला होता ना बेलमाँट घराणे. तरीही चौसष्ट हजारांहून अधिक लोकांनी पंचावन्न लाखांहून अधिक डॉलर दिले. पात्रे आणि बोधचिन्ह गेले तरी रचनेवरची निष्ठा टिकली, असा याचा एक अर्थ होतो. मात्र १९८६ मध्ये विडंबनामागे दडलेला लेखक येथे स्वतःच्या नावाने परतला, आणि लोकांनी ते नाव पाहूनच पैसे दिले, हेही नाकारता येत नाही.

त्याच उपक्रमातून २०१८ मध्ये जुन्या धर्तीचा ‘कर्स ऑफ द मून’ निघाला. त्यात दोन पर्याय आहेत : एकात आघाताने नायक मागे फेकला जातो, दुसऱ्यात नाही. जे पूर्वी संहितेचे अटळ विधान होते ते आता अभिरुचीची निवड झाले आहे. जाणूनबुजून मागे फेकले जाणे पत्करणारा चाहता रूपाचे मर्म जाणतो. त्याला केवळ सवयीचा गुलाम म्हणता येणार नाही.

तथापि या प्रेमातच त्याचा धोका आहे. भय पुरते ओळखीचे झाले की किल्ला नेपथ्य होऊन बसतो, आणि निष्ठा नव्या कृतीकडे जुन्याच जिन्यांची मागणी करू लागते. उलटलेल्या किल्ल्याने एकदा ही मागणी मोडून दाखवली होती. चाहत्यांच्या प्रेमाचे मूल्यमापन करायचे तर ते किती टिकले यापेक्षा असा धक्का सोसण्याची त्याची तयारी किती आहे, हे पाहावे लागेल.