गोषवारा आणि खतावणी : अतिदक्षता-वैद्यकाच्या परिषदांकडे पाठविल्या जाणाऱ्या शोधसारांचे परीक्षण

१

'गोषवारा' हा शब्द मराठीत फारसीतून आला, आणि तो आला दप्तराच्या वाटेने. जमाखर्चाच्या किंवा वसुलीच्या तपशिलाचा थोडक्यात काढलेला मेळ, हा त्याचा रूढ अर्थ. शास्त्रीय परिषदेकडे निबंध पाठविताना जो संक्षेप द्यावा लागतो त्यासही आपण आज हेच नाव देतो. नावाबरोबर त्यातील जबाबदारीही आली आहे काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. दप्तरातील गोषवारा खतावणीशी रकमेला रक्कम जुळला नाही, तर अक्षर कितीही वळणदार असले तरी तो परत फिरतो. परिषदेच्या गोषवाऱ्याची अशी पडताळणी होऊ शकत नाही, कारण निवड करणाऱ्या परीक्षकापुढे खतावणी नसतेच. त्याच्या हाती केवळ गोषवारा येतो, आणि तोही लेखकाचे व संस्थेचे नाव झाकून.

हा प्रश्न सर्वच शास्त्रांना लागू आहे. परंतु अतिदक्षता-वैद्यकात शब्द आणि कृती यांच्यामधील अंतर फारच थोडे असते. कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णाविषयी रात्री निर्णय घेणारा तरुण वैद्य चाळीस पृष्ठांचा निबंध वाचीत बसत नाही. तो गोषवारा वाचतो, आणि पुष्कळदा त्यातील शेवटचे वाक्यच वाचतो. म्हणून त्या वाक्याची परीक्षा ही केवळ शैलीची परीक्षा राहत नाही.

२

या शास्त्राचा जन्मच एका तातडीच्या निवेदनाशी निगडित आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ रुग्ण पहिल्या तीन आठवड्यांतच दगावले. ऑगस्टच्या अखेरीस ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेस छिद्र पाडून हातातील पिशवीने फुप्फुसांत हवा भरण्याचा मार्ग दाखविला, आणि पुढील महिन्यांत सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून ही पिशवी दाबली. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून अधिक उतरले. त्या रुग्णालयाचे प्रमुख एच. सी. ए. लासेन यांनी १९५३ च्या जानेवारीतच 'लॅन्सेट'मध्ये या अनुभवाचे निवेदन प्रसिद्ध केले, आणि त्यास प्राथमिक अहवाल असेच नाव दिले. साथ पुरती ओसरण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. पण आपले निवेदन प्राथमिक आहे हेही त्यांनी लपविले नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इब्सेन यांनी कोपनहेगनमध्ये जो विभाग उघडला, त्यास पहिल्या अतिदक्षता विभागाचा मान दिला जातो.

पुढे या शास्त्राच्या संस्था झाल्या. अमेरिकेत पीटर सफर, मॅक्स हॅरी वाइल आणि विल्यम शूमेकर यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये, युरोपात १९८२ मध्ये, आणि आपल्याकडे १९९३ मध्ये मुंबई येथे अशी संस्था स्थापन झाली. त्यांच्या वार्षिक परिषदांना आज जगभरातून गोषवारे येतात. परिषदेपूर्वी कित्येक महिने मुदत संपते. शब्दमर्यादा बहुधा अडीचशे ते चारशेच्या दरम्यान असते. स्वीकृत गोषवाऱ्यांपैकी थोड्यांना व्यासपीठावरून वाचनाची संधी लाभते आणि बाकीचे भित्तिपत्रकांच्या रूपाने मांडले जातात. अनेक परिषदांचे गोषवारे मान्यवर नियतकालिकांच्या पुरवणी अंकांत छापलेही जातात, आणि छापील पृष्ठावर येताच त्यांना निबंधाची प्रतिष्ठा प्राप्त होते.

३

अल्पाक्षरी रचनेची परंपरा आपणास अपरिचित नाही. सूत्राचे लक्षण सांगताना आपल्या पूर्वाचार्यांनी अल्पाक्षरत्वाच्या जोडीलाच असंदिग्धतेचाही आग्रह धरला होता. तरीही सूत्राला एक सोय होती: त्याच्या मागोमाग वृत्ती, भाष्य आणि टीका येत. सूत्रात जे अनुक्त राहिले ते भाष्यकार पुरवीत असे. परिषदेचा गोषवारा लिहिणाराही मनाशी असेच काहीसे गृहीत धरतो. तपशील पुढे पूर्ण निबंधात येईलच, तूर्त मुद्दा मांडून ठेवू, अशी त्याची समजूत असते.

ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. परिषदांत मांडलेल्या गोषवाऱ्यांचे पुढे काय होते, याचा एक विस्तृत आढावा कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. ४२५ अहवाल आणि तीन लाखांहून अधिक गोषवारे यांवर आधारलेल्या या आढाव्यात पूर्ण निबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झालेल्यांचे प्रमाण अवघे ३७.३ टक्के आढळले. म्हणजे दर पाचांतील तीन गोषवारे ही भाष्यावाचून राहिलेली सूत्रे होत. शिवाय ज्यांचे निष्कर्ष अनुकूल होते त्यांना पूर्ण प्रसिद्धी अधिक प्रमाणात मिळाली. म्हणजे उपचार निष्फळ ठरल्याची वार्ता ज्यांत होती, त्यांनाच गोषवाऱ्याच्या पलीकडे जाणे अधिक कठीण झाले. यातून निघणारे अनुमान सरळ आहे. गोषवारा हा भावी निबंधाचा विसार आहे असे समजून लिहिणे योग्य नव्हे. त्या संशोधनाचा तोच अखेरचा आणि एकमेव लेख ठरेल असे मानूनच तो लिहिला पाहिजे.

या कसोटीवर एक रूढ वाक्य तत्काळ बाद होते. 'निष्कर्षांची चर्चा परिषदेत करण्यात येईल', असे पुष्कळ गोषवाऱ्यांच्या शेवटी आढळते. हे वाक्य शास्त्राचे नव्हे, निमंत्रणपत्रिकेचे आहे. ज्याला खतावणी अद्याप मांडावयाची आहे, त्याने गोषवारा कशाचा काढला?

४

गोषवाऱ्याच्या शिथिलतेवर उपाय झाले नाहीत असे नाही. १९८७ मध्ये एका अभ्यासगटाने 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मधून गोषवारा शीर्षकांत विभागून लिहावा अशी सूचना केली. हेतू, पद्धती, रुग्ण, उपाय, फलित, निष्कर्ष अशी ती विभागणी वैद्यकीय नियतकालिकांत सर्वत्र पसरली, आणि परिषदांनीही तिचे आटोपशीर रूप उचलले. २००८ मध्ये यादृच्छिक विभागणीच्या प्रयोगांचे गोषवारे कसे लिहावेत याची स्वतंत्र सूची तयार झाली. तीत परिषदेकडे पाठवावयाच्या गोषवाऱ्यांचाही स्पष्ट विचार आहे.

शीर्षकांमुळे उणीव उघडी पडते हा त्यांचा मोठाच गुण होय. 'पद्धती' या शीर्षकाखाली दोनच शब्द असतील तर वाचकाला ते दिसते. परंतु शीर्षक रिकामेपणा दाखविते, खोटेपणा दाखवीत नाही. १९९९ मध्ये 'जामा'त प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सहा प्रतिष्ठित नियतकालिकांतील गोषवारे त्यांच्याच निबंधांशी ताडून पाहिले गेले. ज्यांतील आकडे निबंधातील आकड्यांशी जुळत नाहीत किंवा निबंधात सापडतच नाहीत, अशा गोषवाऱ्यांचे प्रमाण नियतकालिकागणिक १८ पासून ६८ टक्क्यांपर्यंत होते. ही नोंद छापील निबंधांची आहे, जेथे खतावणी गोषवाऱ्याखालीच उघडी असते. २०१० मधील दुसऱ्या एका पाहणीत, मुख्य फलितात लक्षणीय फरक न आढळलेल्या ७२ प्रयोगांचा विचार झाला, त्यांपैकी ५८.३ टक्के गोषवाऱ्यांच्या निष्कर्षांत शब्दयोजनेने अपयशास यशाची कळा आणलेली दिसली. कधी मुख्य फलित बाजूस सारून दुय्यम फलित पुढे केले जाते, कधी सर्व रुग्णांऐवजी एखाद्या उपगटाचीच वार्ता सांगितली जाते. एकही आकडा खोटा नसतो. खोटी असते ती त्यांची मांडणी.

५

निष्कर्षाचे वाक्य कसे वाचावे आणि कसे लिहावे, यासाठी दोन प्रसिद्ध उदाहरणे पाहू. दोन्ही पूर्ण निबंधांच्या गोषवाऱ्यांची आहेत; येथे खतावणी उपलब्ध असल्यामुळे मेळ पाहता येतो.

बेल्जममधील लूव्हन येथे ग्रेट व्हॅन डेन बर्घ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,५४८ रुग्णांवर केलेला प्रयोग २००१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. इन्शुलिन देऊन रक्तशर्करा ८० ते ११० मिलिग्रॅम या कडक मर्यादेत राखल्यास अतिदक्षता विभागातील मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर येतात, असे त्याचे फलित होते. हे रुग्ण एकाच रुग्णालयातील, शस्त्रक्रियेनंतरचे आणि बहुसंख्येने हृदयशस्त्रक्रियेचे होते. गोषवाऱ्यात शल्यविभागाची ही मर्यादा नमूद होती. लेखकांनी आपले विशेषण गाळले नव्हते. ते गाळले वाचकांनी. ही पद्धती सर्व प्रकारच्या अत्यवस्थ रुग्णांसाठी अनेक ठिकाणी रूढ झाली. २००९ मध्ये ४२ रुग्णालयांतील ६,१०४ रुग्णांवरील 'नाइस-शुगर' प्रयोग प्रसिद्ध झाला, तेव्हा नव्वद दिवसांतील मृत्यू कडक नियंत्रणाच्या गटात २७.५ टक्के आणि सौम्य नियंत्रणाच्या गटात २४.९ टक्के आढळले. ज्या उपायाने जीव वाचतात असे मानले होते, त्यानेच अधिक मृत्यू घडले. विशेषण हा गोषवाऱ्यातील सर्वांत दुबळा शब्द असतो. तो निष्कर्षाच्या क्रियापदापासून जितका दूर, तितका लवकर गळून पडतो. म्हणून मर्यादा पद्धतीच्या परिच्छेदात एकदा सांगून भागत नाही. ती निष्कर्षाच्या वाक्यात, कर्त्याला घट्ट बांधून ठेवावी लागते.

दुसरे उदाहरण उलट बाजूचे आहे. २०१९ मधील 'अँड्रोमेडा-शॉक' या प्रयोगात दक्षिण अमेरिकेतील पाच देशांच्या २८ रुग्णालयांतील सेप्टिक शॉकचे ४२४ रुग्ण होते. बोटाचे टोक दाबून सोडल्यावर रंग परत येण्यास किती वेळ लागतो हे पाहून उपचार करावेत, की रक्तातील लॅक्टेटचे मापन करून, असा प्रश्न होता. अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू पहिल्या गटात ३४.९ टक्के, दुसऱ्यात ४३.४ टक्के. सांख्यिकीची रूढ सीमा ०.०५ असताना येथील मूल्य ०.०६ आले, आणि गोषवाऱ्याच्या निष्कर्षात पहिल्या पद्धतीने मृत्युप्रमाण कमी झाले नाही असे विधान आले. अपयशावर यशाचा मुलामा देण्याचा मोह येथे टाळला गेला, हे स्तुत्य आहे. तथापि 'कमी झाले नाही' आणि 'कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही' ही दोन विधाने एक नव्हेत. पहिले रुग्णांविषयी आहे, दुसरे पुराव्याविषयी. विश्वासांतराल ०.५५ ते १.०२ असा असताना प्रयोगकर्त्याला दुसरेच विधान करण्याचा अधिकार होता.

२०२५ मध्ये याच परंपरेतील अधिक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात मृत्युप्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच निघाले. मात्र एकत्रित फलितावर बोटाच्या परीक्षेस सरशी मिळाली, कारण अवयवांना आधार देणारे उपचार लवकर थांबविता आले. म्हणजे २०१९ चे वाक्य मृत्यूपुरते पुढे खरे ठरले. परंतु पुढे खरे ठरलेले विधानही, ते केले त्या दिवशी पुराव्याच्या बाहेरचे असू शकते. ज्या परीक्षेला बोट आणि घड्याळ एवढेच साहित्य लागते, तिच्याविषयीचा तो नकार लॅक्टेट मोजण्याची सोय नसलेल्या रुग्णालयांनी जसाच्या तसा घेतला असता, तर त्यांच्या हातचे साधे साधन विनाकारण सुटले असते.

६

आपल्याकडील परिस्थितीचा आता विचार करू. भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमानुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याने अंतिम परीक्षेपूर्वी एक भित्तिपत्रक मांडणे, परिषदेत एक निबंध वाचणे आणि एक शोधनिबंध प्रसिद्धीसाठी पाठविणे कित्येक वर्षे आवश्यक होते. हेतू चांगला होता. परंतु अट जेव्हा पाठविण्याची असते, तेव्हा लेखन पाठविण्यापुरतेच होते. मुदतीच्या आदल्या रात्री अर्धवट गोळा झालेल्या आकड्यांतून निष्कर्ष काढला जातो, आणि तो लहान दिसू नये म्हणून टक्केवारीचा आश्रय घेतला जातो.

समजा, एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात विषबाधेच्या ४० रुग्णांची पाहणी झाली व त्यांपैकी १२ दगावले. 'मृत्युप्रमाण ३० टक्के आढळले. नवीन उपचारपद्धती आशादायक आहे', असे लिहिणे सोपे आहे. पण चाळिसांत बारा या संख्येवरून खरे प्रमाण सुमारे १७ पासून ४७ टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकते, आणि तुलनेसाठी दुसरा गट नसताना 'आशादायक' या शब्दाला आधार उरत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: 'एका जिल्हा रुग्णालयात अमुक काळात दाखल झालेल्या सलग ४० रुग्णांपैकी १२ दगावले. उपचाराचा परिणाम या पाहणीवरून सांगता येत नाही. रुग्ण दाखल होण्यास लागलेला वेळ सर्वांच्या बाबतीत नोंदलेला असून तो सोबत दिला आहे.' हा गोषवारा कदाचित व्यासपीठावर जाणार नाही. परंतु पुढे कोणी दहा जिल्ह्यांच्या नोंदी एकत्र करू म्हणेल, तर त्याच्या उपयोगी हाच पडेल. 'सलग' हा एक शब्दसुद्धा येथे मोलाचा आहे. रुग्ण निवडून घेतले नाहीत याची ती ग्वाही आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, एवढ्या संयमाने लिहिल्यास परीक्षक गुण देणार नाहीत. आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच दोषाचा अर्धा वाटा परीक्षकांकडे जातो. नवलाईला गुण द्यावयाचे आणि लेखकाकडून सचोटीची अपेक्षा करावयाची, हे दोन्ही एकदम साधणार नाही. निष्कर्ष फलिताच्या पलीकडे गेला आहे काय, या एका प्रश्नाला गुणपत्रिकेत स्वतंत्र स्थान मिळाले, तर लेखकांची भाषा आपोआप बदलेल.

७

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी यातून एक लहानशी शिस्त सुचवावीशी वाटते. गोषवारा पाठविण्यापूर्वी तो, त्या कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या सहाध्यायाच्या हाती मूळ नोंदवहीसह द्यावा. त्याने प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून तो वहीत कोठे आहे हे विचारावे, आणि निष्कर्षाचे वाक्य झाकून, केवळ फलितावरून स्वतःचे एक वाक्य लिहावे. दोन वाक्ये जुळली तर गोषवारा पाठवावा. जुळली नाहीत तर दोघांपैकी कोणाचे वाक्य वहीला अधिक धरून आहे हे पाहावे. ते बहुधा सहाध्यायाचे असेल, कारण त्याला परिषदेला जावयाचे नसते. या कामाला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही, आणि मुदतीच्या आदल्या रात्रीही तेवढा तास काढता येतो.