श्रद्धेवर जगणारे देव आणि अश्रद्धांची भिंत

देवाने माणसाला घडविले की माणसाने देवाला, हा प्रश्न धर्मचिंतनात पुरातन आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले की, भक्ताला जशी देवाची तशी देवालाही भक्ताची गरज असते. पूजा थांबली तर देव मरतील. देवावाचूनही धर्म असू शकतो हे दाखविण्यासाठी त्याच ग्रंथाच्या प्रारंभी त्यांनी बौद्ध धम्माचा दाखला दिला, हे आपल्या वाचकांना विशेष वाटेल. पुढे याच आशयाची कल्पना अमेरिकेतील एका करमणुकीच्या खेळात चक्क नियम म्हणून आली. त्या देवकल्पनेचे परीक्षण आम्ही येथे करीत आहोत.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचला व १९७४ साली तो प्रसिद्ध झाला. काही खेळाडू मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. इतर जण योद्धा, जादूगार, चोर, पुरोहित अशा भूमिका घेतात. कृतीचे यशापयश फाशांवर ठरते. पुरोहिताची मंत्रशक्ती त्याच्या देवाकडून येते, म्हणून खेळाला देवही पुरवावे लागतात. १९८० साली निघालेल्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात ग्रीक व नॉर्स देवांच्या पंक्तीत इंद्र, अग्नी आणि काली यांनाही बसविले गेले व प्रत्येकाच्या जीवनशक्तीचा आकडा छापला गेला. ज्याच्या शक्तीला आकडा आहे, त्याचा आकडा शून्यावरही येऊ शकतो, हे ओघानेच आले.

या खेळासाठी एड ग्रीनवुड यांनी कल्पिलेले ‘फर्गॉटन रेल्म्स’ हे जग १९८७ पासून प्रकाशात आले. १९८९ च्या कादंबरीत्रयीत त्या जगाचा सर्वोच्च अधिपती एओ हा देवांवर कोपतो, त्यांना मर्त्यलोकी ढकलतो आणि अखेरीस असा दंडक घालतो की, यापुढे देवाचे बळ त्याच्या भक्तांची संख्या आणि निष्ठा यांवर अवलंबून राहील. देवांनी भक्तांची उपेक्षा करू नये, हा त्यामागील हेतू. वरवर पाहता हा दंडक भक्ताच्या बाजूचा वाटतो. परंतु त्याचा परिणाम काय झाला?

श्रद्धा हे देवाचे अन्न ठरले की, श्रद्धा न ठेवणारा मनुष्य देवाचे अन्न तोडणारा ठरतो. म्हणून त्या जगात अश्रद्धांची भिंत आहे. ज्याने हयातीत कोणत्याही देवाला मानले नाही, त्याचा आत्मा मृत्यूनंतर मृतांच्या नगरीभोवतीच्या भिंतीत चिणला जातो आणि तेथे झिजत झिजत नष्ट होतो. तो कसा वागला, त्याने कोणाचे दुःख हलके केले, याची विचारपूस नाही. अपराध एकच, देव नाकारल्याचा.

या कथाविश्वातील सर्वांत विचारणीय प्रसंग ट्रॉय डेनिंग यांच्या ‘क्रूसिबल’ (१९९८) या कादंबरीत आहे. केलेम्वॉर हा मूळचा मनुष्य. तो मृतांचा देव होतो आणि आत्म्यांचा न्याय त्यांच्या आचरणावरून करू लागतो. सदाचरणाने परलोक साधतो असे कळताच माणसे मृत्यूला भीत नाहीशी होतात आणि देवांची आराधना कमी होऊ लागते. देवमंडळ अस्वस्थ होते. त्याच्यावर खटला चालतो. अखेर तो स्वतःच आपली दयाळू न्यायपद्धती सोडून देतो. शीलाला महत्त्व आले की देव अनावश्यक होतो, हे लेखकाने स्वच्छ पाहिले. मात्र पाहून तो मागे फिरला. कथेने शील सोडले आणि देव राखले.

२००७ च्या ‘मास्क ऑफ द बिट्रेयर’ या संगणकीय खेळात याच भिंतीविरुद्धचे बंड हा कथेचा गाभा आहे. तेथे खेळाडू भिंतीच्या अन्यायाला आव्हान देतो, पण ती पाडण्याची मुभा त्याला कोणत्याही शेवटात नाही. पुढे प्रकाशकांनी २०१५ च्या एका मार्गदर्शक पुस्तकातील भिंतीचा उल्लेख २०२० साली वगळला. वाक्य गेले, ते ज्यातून निघाले ते अर्थकारण जागच्या जागी राहिले.

बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हीच साखळी उलगडली आहे. ईश्वरावरील विश्वासातून पूजा-प्रार्थनेच्या सामर्थ्यावर विश्वास येतो, त्यातून पुरोहित जन्मतो आणि पुरोहित सम्यक दृष्टीची वाढ खुंटवितो. खेळातील पुरोहिताकडे पाहावे: तो भक्त गोळा करतो, भक्तांमुळे देव बलवान होतो आणि देवाच्या बळातून पुरोहिताला मंत्र मिळतात. वैदिक यज्ञातही देव हविर्भागावरच पोसले जात. कूटदंत सुत्तात तथागतांनी पशुयज्ञाहून दान आणि शील श्रेष्ठ ठरविले, तेव्हा देवांच्या या पोटगीलाच हात घातला होता.

हा तर खेळ, त्याचे एवढे मनावर का घ्यावे, असे कोणी म्हणेल. आम्ही तर या खेळाचे आभारच मानतो. मंदिरे जो हिशेब झाकून ठेवतात, तो खेळाने उघड मांडला. त्याची मर्यादा इतकीच की, हिशेब कळूनही देवांवाचून नीती उभी राहू शकते ही कल्पना त्याला पेलली नाही.

तथापि हे परीक्षण दुसऱ्यांपुरते ठेवून चालणार नाही. बुद्धमूर्तीपुढे नवस बोलणारा, वंदनेच्या मोबदल्यात कृपा मागणारा आपल्यातही आढळतो. तो तथागतांना त्या यादीतील आणखी एक देव करतो. अनुयायी वाढले म्हणून प्रतीत्यसमुत्पाद अधिक खरा होत नाही, आणि विहार ओस पडला म्हणून पंचशील दुबळे होत नाही. धम्माला आपल्या श्रद्धेची भूक नाही. त्याला आपले आचरण हवे, आणि तेही आपल्याच व शेजाऱ्याच्या दुःखमुक्तीसाठी.