क्रोधवाणीची नावे आणि समीक्षेचा न्याय

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अथेन्सच्या डिमॉस्थिनिसने मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्याविरुद्ध जी भाषणे केली, त्यांवरून ‘फिलिपिक’ हा शब्द युरोपीय भाषांत रूढ झाला. सिसेरोने अँटनीविरुद्ध रचलेल्या चौदा भाषणांनाही (इ. स. पू. ४४-४३) पुढे हेच नाव मिळाले. आज इंग्रजीत कोणत्याही जळजळीत भाषणाला हा शब्द लावता येतो. परंतु त्याच्या उच्चाराबरोबर ही परंपरा उभी राहते आणि वक्त्याचा क्रोध विचारात घेण्याजोगा आहे, एवढे आरंभीच मान्य होते. हा शब्द मराठीत आणू पाहणारा अनुवादक मात्र अडतो. त्याला शब्द सापडत नाही असे नव्हे. सापडतात ते पुष्कळ. पण त्यांतील प्रत्येक शब्द बोलणाऱ्याची पायरी ठरवून टाकतो.

हजेरी घेणे, झाडाझडती घेणे, कानउघाडणी करणे, खरडपट्टी काढणे, खडसावणे हा एक गट घ्यावा. या सर्व क्रियांचा कर्ता वरच्या पायरीवर उभा आहे. साहेब कारकुनाची हजेरी घेतो. कारकून साहेबाची हजेरी घेत नाही. त्याने तेच शब्द तितक्याच जोराने उच्चारले, तर तो ‘तोंड वर करून बोलला’ असे होते. संपादकाने मंत्र्याची हजेरी घेतली असे म्हटले जाते, तेही संपादकाने क्षणभर वरिष्ठाचे आसन घेतले आहे हे गृहीत धरूनच. दुसरा गट थयथयाट, आदळआपट, आकांडतांडव, त्रागा, आक्रस्ताळेपणा यांचा. हे शब्द बोलणाऱ्याचे हातवारे सांगतात, आवाज सांगतात; तो काय बोलला हे सांगत नाहीत. या दोहोंच्या वर ‘सात्त्विक संताप’, ‘पुण्यप्रकोप’ अशी संस्कृत शब्दांची एक ओळ आहे, आणि ती बहुधा प्रतिष्ठितांसाठी राखून ठेवलेली असते.

ही प्रतवारी आजची नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रौद्ररसाचा संबंध राक्षस, दानव आणि उद्धत मनुष्य यांच्या प्रकृतीशी जोडला, तर वीररस उत्तम प्रकृतीकडे सोपविला. रौद्राचा स्थायीभाव क्रोध, वीराचा उत्साह. भरतापुढे नाट्यप्रयोग होता. नंतरच्या समीक्षेचे दोष त्याच्या माथी मारणे योग्य नव्हे. तथापि थोरांच्या आवेशाला क्रोधाहून वेगळे, अधिक गौरवाचे नाव द्यावे ही वृत्ती किती जुनी आहे, ते यावरून कळते. जनाबाई विठोबावर संतापून बोलते, तेव्हा संतवाङ्मयाच्या रसिकांनी त्या बोलण्याला ‘प्रेमकलह’ असे सुंदर नाव दिले. नाव देण्याची इच्छा असली म्हणजे भाषा कमी पडत नाही, हाच त्याचा अर्थ.

या इच्छेची खरी परीक्षा एकोणिसाव्या शतकातील गद्यापाशी होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली. तिच्यातील उपहासाला आणि आवेशाला ‘ओजस्वी’, ‘तेजस्वी’ ही विशेषणे लाभली, आणि ती अस्थानी नाहीत. चिपळूणकर १८८२ साली निवर्तले. त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापले गेले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा सुनावली गेली, ती पुढे कमी झाली. पण त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जे दोषारोप झाले, त्यांना या पुस्तकाने उत्तर दिले. त्याला विरोध झाला. १८८५ साली जोतीराव फुले यांना ‘सत्सार’मधून त्याची बाजू घ्यावी लागली. नंतर हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत.

ताराबाईंच्या भाषेत घरगुती भांडणातला तिखटपणा आहे, प्रतिपक्षाला थेट हाक मारून विचारलेले प्रश्न आहेत, शिव्याशापही आहेत. एवढे पाहून जो थांबेल त्याला हा थयथयाट वाटेल. परंतु पुस्तकाची रचना पाहावी. स्त्रीनिंदेच्या परंपरेने स्त्रियांच्या माथी मारलेले दोष ताराबाई एकेक करून उचलतात आणि हाच दोष पुरुषाच्या ठायी अधिक नाही काय, असे विचारतात. ही पद्धती वादीप्रतिवादीची आहे. १८८३ साली पूर्ण झालेल्या आपल्या ग्रंथाला फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ असे नाव दिले. ताराबाईंनी त्याच्या आदल्याच वर्षी ‘तुलना’ हा तर्काचा शब्द निवडला होता. लेखिकेने स्वतः दिलेले हे नाव जरी समीक्षेने गंभीरपणे घेतले असते, तरी हे पुस्तक वाङ्मयेतिहासाच्या बाहेर इतका काळ राहिले नसते.

पुढे दलित साहित्याने आपली नावे आपणच आणली. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) आणि नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) यांचा विचार ‘आक्रस्ताळेपणा’सारख्या शब्दांनी होणे शक्य नव्हते, ‘विद्रोह’ आणि ‘नकार’ या संज्ञा समीक्षेला स्वीकाराव्या लागल्या. हा मोठाच लाभ होय. मात्र ‘विद्रोह’ ही लेखकाची भूमिका सांगणारी संज्ञा आहे, लेखनाचा गुण सांगणारी नव्हे. प्रत्येक संतप्त कृतीवर ती शिक्क्याप्रमाणे उमटू लागली, की कृती न वाचता तिची स्तुती करण्याची सोय होते. आणि न वाचता केलेली स्तुती ही न वाचता केलेल्या निंदेपेक्षा फारशी निराळी नसते. क्रोध हा स्वतः वाङ्मयगुण नव्हे, तसा दोषही नव्हे. त्याने आपला विषय घट्ट धरला आहे काय आणि त्याच्या तापात विचार अधिक स्पष्ट झाला आहे काय, हे चिपळूणकरांच्या बाबतीत विचारायचे असेल तर ताराबाईंच्या बाबतीतही त्याच मापाने विचारले पाहिजे.

रोझालिंड ओ’हॅनलन यांनी १९९४ साली या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. शीर्षकात त्यांनी ‘तुलना’ कायम ठेवली आणि उपशीर्षकात ‘क्रिटीक’, म्हणजे चिकित्सा, हा शब्द योजला. क्रोधाच्या नावांनी भरलेल्या त्या भाषेतही त्यांना येथे क्रोधाचे नाव घ्यावेसे वाटले नाही.