'अपरिचित हैदराबाद'च्या याद्या : थोडं कौतुक, बरीच तक्रार

हैदराबादची 'अपरिचित' ठिकाणं सांगणाऱ्या लेखांचा सध्या सुकाळ आहे. मराठीतही असे लेख भरपूर निघतात आणि मी ते हौसेने वाचतो. त्यांचा साचा आता पाठ झालाय. चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग पाहून झालं का? मग ही घ्या दहा ठिकाणं. पैगा मकबरे, रेमंडची कबर, कोटीची रेसिडेन्सी, तारामती बारादरी, बादशाही आशुरखाना, खुर्शीद जाह देवडी वगैरे. प्रत्येकाला एक परिच्छेद. त्यात बांधणीचं साल, एक दंतकथा, 'इथे गर्दी नसते' हे वाक्य आणि फोटो कुठून चांगला येतो ते.

आधी कौतुक. या याद्यांनी माणसं घराबाहेर काढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पिसलबंड्याच्या गल्लीतले पैगा मकबरे पंधरा-वीस वर्षांपूर्वी विचारत विचारत शोधावे लागायचे. चुन्याच्या गिलाव्यातली ती जाळीची कामं लोकांनी फोटोत पाहिली, मग प्रत्यक्ष पाहिली, मग दुरुस्तीबद्दल बोलायला लागले. हे श्रेय याद्यांना द्यायलाच हवं.

आता तक्रार. यादी ठिकाणांना क्रमांक देते. क्रमांक दिला की प्रत्येक ठिकाण सुटं होतं. चार नंबरचा सात नंबरशी काय संबंध, हा प्रश्नच वाचकाच्या मनात येत नाही. मी आयुष्यभर स्थापत्य अभियंत्याची नोकरी केली. आमच्या कामात सुटा खांब म्हणून काही नसतं. त्यावर कुठला भार येतो आणि तो पुढे कुठे जातो, ते कळल्याशिवाय खांब कळत नाही. शहराचंही तसंच आहे, असं मला वाटतं. नुसतं म्हणून भागणार नाही, तेव्हा उदाहरण देतो.

बहुतेक याद्यांत येणारी दोन ठिकाणं घ्या, रेमंडची कबर आणि कोटीची रेसिडेन्सी. तिसरं मी घालतो, मीर आलम तलावाचं धरण. यादीवाले तलावाचं नाव घेतात ते प्राणिसंग्रहालयाशेजारचं पाणी म्हणून. धरणाकडे कोणी वळून बघत नाही.

यादीत रेमंडची गोष्ट अशी येते : एक फ्रेंच सेनापती, निजामाच्या चाकरीत, लोकांचा लाडका. मुसलमान त्याला मूसा रहीम म्हणत, हिंदू मूसा राम म्हणत. त्यावरून मुसारामबाग. असमानगढच्या टेकडीवर काळ्या दगडाचा उंच स्तंभ, त्यावर 'जेआर' ही अक्षरं. हे सगळं बरोबर आहे. पण हा माणूस इथे एवढा मोठा का झाला? त्याचं उत्तर हैदराबादेत मिळत नाही, ते आपल्या नगर जिल्ह्यात जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला मिळतं.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला पेशव्यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांच्या एकत्र फौजांनी निजाम अली खानाला हरवलं. रेमंडची पलटण त्या लढाईत निजामाकडून होती. निजामाने इंग्रजांकडे मदत मागितली होती. गव्हर्नर जनरल जॉन शोअर तटस्थ राहिला. निजामाचा दिवाण अरस्तू जाह याला ओलीस म्हणून पुण्याला जावं लागलं. यातून निजामाने जो धडा घेतला तो साधा होता : इंग्रज ऐनवेळी येत नाहीत, तेव्हा स्वतःची कवायती फौज वाढवा. ती फौज होती रेमंडची. म्हणजे मुसारामबागेतल्या त्या स्तंभामागे खर्ड्याचा पराभव उभा आहे.

रेमंड २५ मार्च १७९८ ला वारला. त्यानंतर लवकरच वेलस्ली गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि त्याला निजामाच्या पदरी फ्रेंच फौज नको होती. १ सप्टेंबर १७९८ ला निजामाशी तैनाती फौजेचा तह झाला. ऑक्टोबरात रेमंडची फौज जवळजवळ रक्त न सांडता निःशस्त्र केली गेली. हैदराबादेत हे काम जमवून आणणारा इंग्रज अधिकारी होता जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक. कोटीची रेसिडेन्सी बांधणारा तोच.

पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, श्रीरंगपट्टण पडलं. टिपूविरुद्ध निजामाची जी फौज इंग्रजांबरोबर गेली, तिच्यावर मीर आलम होता. तोच १८०४ मध्ये दिवाण झाला आणि त्याच्या नावाच्या तलावाचं काम सुरू झालं. श्रीरंगपट्टणच्या लुटीतून त्याच्या वाट्याला आलेला पैसा या धरणात गेला, असं परंपरेने सांगतात. त्याच सुमाराला मुसीच्या पलीकडे रेसिडेन्सीचे खांब उभे राहत होते.

आता हे तिन्ही ओळीत लावा. खर्डा, रेमंड, तह, रेसिडेन्सी, श्रीरंगपट्टण, मीर आलम. सगळं मिळून दहा-बारा वर्षांचा काळ. दक्षिणेतली सत्ता कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेली, ते या शहरात दगडांत लिहिलेलं आहे. रिक्षा ठरवली तर तिन्ही जागा एका दिवसात होतात. यादीत मात्र एक 'शांत टेकडी', दुसरी 'अमर प्रेमकथा' आणि तिसरी गैरहजर.

प्रेमकथेबद्दल थोडं बोलायलाच हवं. विल्यम डॅलरिंपल यांचं 'व्हाइट मुघल्स' २००२ मध्ये आलं आणि कर्कपॅट्रिक व खैरुन्निसा यांची गोष्ट जगभर गेली. पुस्तक मेहनतीचं आहे आणि त्यामुळे पडायला आलेल्या इमारतीकडे लक्ष गेलं, हेही खरं. पण आता त्या गोष्टीने इमारत गिळून टाकली आहे. कोटीला जाणारा माणूस बेगमेसाठी केलेली इमारतीची छोटी प्रतिकृती शोधतो. १७ जुलै १८५७ ला तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी याच रेसिडेन्सीवर हल्ला केला, ते त्याला माहीत नसतं. १९४९ पासून इथे मुलींचं कॉलेज आहे, त्याचं यादीत एक ओळीचं कौतुक. माझा हिशेब सरळ आहे. ज्या वास्तूत सत्तरहून जास्त वर्षं मुली शिकल्या, तिचा मुख्य इतिहास त्या मुलींचा आहे. तो कोणी लिहिणार की नाही?

मीर आलमचं धरण यादीत का येत नाही, याचंही कारण सापडतं. तिथे कोणाची कबर नाही, प्रेम नाही, कमानीखाली उभं राहून फोटो काढायची सोय नाही. पण अभियंत्याला विचाराल तर शहरातली सगळ्यात हुशार वास्तू तीच. साधं दगडी धरण आपल्या वजनाने पाणी अडवतं, म्हणून ते जाड लागतं. इथे एकवीस अर्धवर्तुळाकार कमानी उभ्या करून शेजारी शेजारी लावल्यात, फुगीर बाजू पाण्याकडे. पाण्याचा दाब कमानीला चेपतो आणि तो भार दोन कमानींमधल्या पायांकडे जातो. दगड आणि चुना ताण सोसत नाहीत, दाब मात्र भरपूर सोसतात. त्यामुळे कमी दगडात काम झालं. बहुकमानी धरणांचा जगाचा इतिहास लिहिताना याचा उल्लेख टाळता येत नाही. उस्मानसागर होईपर्यंत हैदराबादचा मोठा भाग हेच पाणी प्यायचा.

उस्मानसागरावरून दुसरी साखळी. याद्यांत गंडीपेट म्हणजे सूर्यास्त आणि भजी. उस्मानिया इस्पितळाच्या आवारातलं चिंचेचं झाड वेगळ्या यादीत, हायकोर्टाची इमारत तिसऱ्या. ही सगळी एकाच तारखेची लेकरं आहेत : २८ सप्टेंबर १९०८. त्या दिवशी मुसीला महापूर आला आणि हजारो माणसं गेली. त्या चिंचेवर चढून दीडशे माणसं वाचली. दुसऱ्या वर्षी निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. हे गृहस्थ पुण्यात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेले, खडकवासल्याला आपोआप उघडणारी दारं बसवलेले. त्यांनी सांगितलं की नदी शहरात अडवता येत नाही, ती वर अडवा. त्यातून मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि ईसीवर हिमायतसागर (१९२७) झाले. १९१२ मध्ये नगरसुधारणा मंडळ आलं. पुराने धुतलेल्या काठांवर हायकोर्ट, सिटी कॉलेज, उस्मानिया इस्पितळ अशा इमारती उठल्या. त्यातल्या सिटी कॉलेजात पुढे नरहर कुरुंदकर शिकले, हे नांदेडकरांना सांगायला नको.

ही साखळी कळली नाही तर नुकसान काय? नुकसान आजचं आहे. दोन्ही तलावांच्या पाणलोटात बांधकामाला आवर घालणारा १९९६ चा सरकारी आदेश (जीओ १११) उठवण्याच्या हालचाली २०२२ मध्ये झाल्या. तलाव म्हणजे सूर्यास्त, असं ज्याला शिकवलंय त्याला वाटणार, तलाव तर राहतोय, मग बिघडलं कुठे? तलाव हा पुरावर काढलेला तोडगा आहे आणि पाणलोट हा त्या तोडग्याचा अर्धा भाग आहे, हे ज्याला माहीत आहे तो वेगळा प्रश्न विचारेल.

तिसरी गोष्ट, यादीत काय कधीच येत नाही. बेगमपेटची निजामिया वेधशाळा घ्या. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये ती स्वतःच्या हौसेने सुरू केली. १९०८ मध्ये ती बेगमपेटला हलली. पॅरिसहून ठरलेल्या आकाशाच्या जागतिक नकाशाच्या कामात जगभरच्या मोजक्या वेधशाळा होत्या, त्यांत ही एक. इथे साडेसात लाखांहून जास्त ताऱ्यांच्या जागा मोजून छापल्या गेल्या. वेणू बाप्पूंचे वडील इथेच नोकरीला होते आणि मुलाला आकाशाची ओढ लागली ती इथे. आज घुमटांना झाडोरा लागलाय. बेगमपेटलाच रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ ला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. नवाबी थाट नसला की 'वारसा' हा शब्द लेखकांच्या लेखणीतून उतरत नाही, असं दिसतं. हुसेनसागरच्या काठचं जुनं औष्णिक वीजकेंद्र १९९०च्या दशकात पाडलं गेलं. त्याच्यासाठी रडणारे फार नव्हते, कारण ते कोणाच्याच यादीत नव्हतं.

यादी ही किरकोळ गोष्ट नाही, हे हैदराबादला चांगलं ठाऊक आहे. १९८१ च्या नियम १३ खाली वारसा वास्तूंना संरक्षण होतं. तो नियम २०१५ मध्ये काढला गेला. २०१७ मध्ये नवा कायदा आला. २०१९ मध्ये इर्रम मंझिल पाडून तिथे विधानसभा बांधायचं मंत्रिमंडळाने ठरवलं, तेव्हा लोक न्यायालयात गेले आणि तो निर्णय रद्द झाला. न्यायालयात जाणारी माणसं आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी त्यांना आधी ती वास्तू दाखवलेली असते आणि नीट सांगितलेली असते.

आपल्या मराठी लेखकांकडे माझी आणखी एक मागणी आहे. १९५६ पर्यंत मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांची राजधानी हैदराबाद होती. १९०७ ची विवेकवर्धिनी शाळा इथली. १९३१ चं मराठी साहित्य संमेलन इथे भरलं, अध्यक्ष श्रीधर व्यंकटेश केतकर. महसुलाचा दफ्तर-ए-दिवाणी ज्या रायरायान घराण्याकडे होता, ते मराठी. आणि आपले लेख मात्र या शहराकडे परक्या गावचा पाहुणा म्हणून बघतात. 'अपरिचित' म्हणताना कोणाला अपरिचित, हे तरी विचारावं. मुसारामबागेतल्या माणसाला मुसारामबाग अपरिचित नाही. मेट्रोच्या फलकावर ते नाव रोज दिसतं.

सय्यद अली असगर बिलग्रामी यांचं 'लँडमार्क्स ऑफ द डेक्कन' १९२७ चं. तीही एका परीने यादीच आहे. पण त्यात शिलालेख आहेत, कोणी बांधलं, कधी बांधलं, हे तपासून दिलेलं आहे. शंभर वर्षं होत आली तरी ते उघडावं लागतं. दहा ठिकाणांचे आपले लेख दहा वर्षांनी कोण उघडेल?

म्हणून सुचवतो. ठिकाणं दहाऐवजी तीन घ्या, पण एकमेकांत गुंतलेली घ्या. प्रत्येकाबद्दल चार प्रश्न विचारा : पैसा कुठून आला, ही वास्तू काय काम करायची, त्या आधी काय घडलं म्हणून ती बांधावी लागली, आणि आज ती कोणाच्या ताब्यात आहे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला कचेरीत खेपा घालाव्या लागतात, फोटोही मिळत नाही. पण उद्या तिथे बुलडोझर आला तर कोणाला अर्ज करायचा, ते त्याच उत्तरातून कळतं.