शार्लट्सव्हिलचा डाउनटाउन मॉल: हिशेब कोणत्या वर्षापासून मांडायचा?

आजचा विषय एक रस्ता आहे. तो सुंदर आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याच्यावर टीका करणार आहे आणि तुम्हाला वाटायला नको की मला तो आवडतच नाही.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल नावाचं छोटं शहर आहे. १९६० साली तिथली वस्ती तीस हजारांच्याही आत होती. थॉमस जेफरसन यांनी स्थापन केलेलं विद्यापीठ इथलंच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलं असेल ते ऑगस्ट २०१७ मध्ये. गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मेळावा झाला होता, आणि त्याचा निषेध करणाऱ्यांच्या गर्दीत एकाने मोटार घातली होती. ती मोटार ज्या गल्लीतून आली, ती गल्ली आपल्या आजच्या रस्त्यालाच छेदून जाते.

या रस्त्याला ‘डाउनटाउन मॉल’ म्हणतात. मॉल म्हणजे आपल्याकडचा सरकत्या जिन्यांचा मॉल नव्हे बरं का. शहराचा जुना मेन स्ट्रीट वाहनांना बंद केला, विटांची फरसबंदी घातली, मधोमध झाडं लावली, आणि तो चालणाऱ्यांना देऊन टाकला. आराखडा लॉरेन्स हॅल्प्रिन यांचा, उद्घाटन १९७६ सालचं.

त्या काळात अमेरिकेत असे रस्ते पुष्कळ झाले. मोटारी आल्या, गिऱ्हाईक शहराबाहेरच्या नव्या बाजारसंकुलांकडे गेलं, जुनी पेठ ओस पडायला लागली. मग उपाय काय? पेठेलाच बाजारसंकुलासारखं करायचं. १९५९ मध्ये मिशिगनमधल्या कॅलमझू शहराने पहिला प्रयोग केला. त्यातले बहुतेक रस्ते फसले. कॅलमझूने १९९८ मध्ये आपल्या मॉलचा काही भाग पुन्हा मोटारींना खुला केला, कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोने २०१७ मध्ये तेच केलं. शार्लट्सव्हिलचा मॉल मात्र टिकला. आजही तिथे संध्याकाळी माणसं असतात, झाडाखाली टेबलं असतात.

का टिकला? रस्ता मुळात अरुंद, त्यामुळे माणसं थोडी असली तरी भरल्यासारखा वाटतो. कडेच्या इमारती जुन्या आणि बेताच्या उंचीच्या, त्या पाडल्या नाहीत. झाडं मोठी होईपर्यंत लोकांनी धीर धरला. रचनाकार म्हणून हॅल्प्रिन यांना यात उणं काढण्यासारखं फार नाही. नगररचनेच्या वर्गात हा मॉल यशस्वी उदाहरण म्हणून दाखवतात, तेही योग्यच.

माझी तक्रार दुसरी आहे. हे कौतुक १९७६ पासून सुरू होतं. ते १९६० पासून सुरू व्हायला हवं.

मॉलच्या पश्चिम टोकाला उभे राहा. समोर एक मोठं हॉटेल दिसतं. त्या टोकाला लागून पूर्वी एक वस्ती होती, व्हिनेगर हिल. सुमारे वीस एकर. कृष्णवर्णीयांची वस्ती आणि त्यांची बाजारपेठही. वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांच्या हॉटेलात बसायला मनाई, गोऱ्या न्हाव्याकडे जायला मनाई, म्हणून या लोकांनी आपली पेठ इथे उभी केली होती. किराणा, केशकर्तनालय, खाणावळ, चर्च. लागूनच जेफरसन स्कूल ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा.

१९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानं अमेरिकेच्या केंद्र सरकारने शहरांना सांगितलं होतं की मोडकळीला आलेली वस्ती ताब्यात घ्या, पाडा, जमीन नव्या विकासाला द्या. जो तोटा येईल त्याचे दोन तृतीयांश आम्ही सोसू. लहान शहराला याहून मोठं आमिष कुठलं? त्यात १९५९ मध्ये शार्लट्सव्हिलच्या कडेला बॅरक्स रोडचं बाजारसंकुल उघडलं होतं. जुन्या पेठेतले व्यापारी धास्तावलेले. आणि पेठेला चिकटून ही वीस एकर जमीन.

पण वस्ती पाडायची तर ती पाडण्याजोगी आहे हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी कायद्याच्या भाषेत शब्द होता ‘ब्लाइट’. आपल्या शेतकऱ्याला तो चांगला माहीत आहे. ब्लाइट म्हणजे करपा. बटाट्यावर, टोमॅटोवर पडतो तो. आता बघा, करपा हा शब्द एकदा वापरला की पुढचं सगळं आपोआप येतं. करपा पडलेलं झाड कुणी दुरुस्त करत बसत नाही, उपटून टाकतात, शेजारच्या पिकाला लागू नये म्हणून. घराला रोग म्हटलं की घरातला माणूस कोण झाला?

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. पाहणी करणारे सगळंच खोटं लिहीत नव्हते. बऱ्याच घरांत नळ नव्हते, घरात संडास नव्हता. अनेक कुटुंबं भाड्याने राहत होती आणि घरमालक डागडुजी करत नव्हते. नळाचं पाणी मिळालं तर कुणाला नको होतं? प्रश्न असा की नळ नाही, तर उपाय नळ की बुलडोझर? पाहणीच्या तक्त्यात नळ मोजला गेला. उधारीची वही मोजली गेली नाही. त्या तक्त्याला रकानाच तेवढा होता.

१९६० मध्ये यावर शहरात मतदान झालं आणि योजना निसटत्या बहुमताने मंजूर झाली. मतदान झालं म्हणजे लोकांनीच ठरवलं, नाही का? पण व्हर्जिनियात तेव्हा मतदानासाठी डोईपट्टी भरावी लागे. वर्षाला दीड डॉलर, तीन वर्षांची थकबाकीसकट, आणि निवडणुकीच्या सहा महिने आधी. १९०२ च्या राज्यघटनेतच ही तरतूद केली होती, आणि ती कुणाला मतपेटीपासून लांब ठेवण्यासाठी केली होती हे गुपित नव्हतं. ज्यांची घरं जाणार होती त्यांच्यातल्या अनेकांना आपल्याच घरावर मत देता आलं नाही. राज्याच्या निवडणुकांतली ही पट्टी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली १९६६ मध्ये. तोवर व्हिनेगर हिल जमीनदोस्त झाली होती. पाडकाम १९६४-६५ मध्ये उरकलं.

दीडशेच्या आसपास कुटुंबं उठली. बरीचशी वेस्टहेवन या नव्या सरकारी वसाहतीत गेली. तिथे नळ होते, संडास होते. पण तीसएक दुकानांचं काय? घराच्या बदल्यात घर देता येतं. दुकानाच्या बदल्यात दुकान देऊन भागत नाही, कारण दुकान म्हणजे चार भिंती नव्हेत, ते गिऱ्हाईक असतं, आणि गिऱ्हाईकच चार दिशांना गेलेलं. बरेच धंदे पुन्हा उभे राहिलेच नाहीत. विस्थापितांना मदत देणारा देशव्यापी एकसारखा कायदा १९७० मध्ये झाला. म्हणजे तोही उशिरा.

आणि इतक्या घाईने मोकळी केलेली ती जमीन? तिचा बराच भाग वर्षानुवर्षं रिकामा पडून राहिला. हॉटेल आलं ते १९८० च्या दशकात. करपा उपटला, पण पेरायला बी नव्हतं.

आता पुन्हा मॉलकडे या. हॅल्प्रिन हे लोकांना सोबत घेऊन आराखडा करण्यासाठी नावाजलेले. इथेही त्यांनी नागरिकांची कार्यशाळा घेतली. पद्धत चांगलीच आहे. पण लोकसहभागाची खुर्ची मांडली तेव्हा शेजारची वस्ती उठून गेली होती. जे उरले त्यांना विचारलं, आणि जे उरले त्यांच्या सोयीचा रस्ता झाला. रचनाकाराचा हा दोष नाही. दोष आपला, समीक्षकांचा. आपण चित्राची चौकट रस्त्याच्या कडेलाच संपवतो.

२०११ मध्ये शहराच्या कौन्सिलने व्हिनेगर हिलबद्दल अधिकृत माफी मागितली. १९९८ मध्ये जेम्स सॉन्डर्स आणि रेने शॅकलफर्ड यांनी तिथल्या माणसांच्या आठवणी पुस्तकात जमा केल्या. जेफरसन स्कूलची इमारत वाचली, तिथे आज कृष्णवर्णीयांच्या वारशाचं केंद्र आहे. हे सगळं चांगलं आहे. पण आठवण जपणं आणि पेठ जपणं यात फरक आहे. आठवणीला भाडं मिळत नाही.

मग टीकाकाराने करायचं काय? नव्या पेठेचं छायाचित्र दाखवलं की तीन गोष्टी विचारायच्या. ‘मोडकळीला आलेली’ हे कुणी ठरवलं, आणि मोजताना काय सोडलं? ठरवण्याच्या दिवशी मत कुणाला होतं? आणि पाडण्याआधी तिथे जी दुकानं होती, ती आज कुठे आहेत? पहिल्या दोन प्रश्नांना फायलीत उत्तरं सापडतात. तिसऱ्यासाठी माणसं शोधावी लागतात, म्हणून तो प्रश्न बहुधा कुणी विचारत नाही. हे ऐकताना तुमच्या डोळ्यांसमोर आपापल्या गावातली पेठ आली असेल, तर येऊ द्या.

शार्लट्सव्हिलला कधी गेलात तर मॉलवर जरूर बसा. कॉफी घ्या, झाडांची सावली घ्या. मग उठून पश्चिमेकडे रस्ता संपेपर्यंत चाला आणि तिथे थोडं थांबा. मॉल पाहून झाला असं त्यानंतरच म्हणा.

आता प्रश्न घेऊ.